दुकानाचा नवा नंबर

वडील गेल्यावर सरकारने मला पहिली गोष्ट ही शिकवली, की दुकान मुलाकडे येतं, जीएसटी नंबर येत नाही. नंबर त्यांच्या पॅनवर होता, त्यामुळे तो त्यांच्याबरोबरच संपला. माधव नगरातलं आमचं छापील चादरींचं दुकान मला माझ्या नावावर नव्याने नोंदवायचं होतं, आणि तेही लवकर. आमचं गिऱ्हाईक म्हणजे यात्रेकरूंची हॉटेलं. पक्क्या बिलाशिवाय ती एक चादर घेत नाहीत, आणि नंबर नसेल तर पक्कं बिल फाडता येत नाही. असेच दिवस गेले असते तर दुकानाला टाळंच लागलं असतं.

अर्ज भरणाऱ्या वकीलसाहेबांनी मला समोर बसवून फोटो काढला. दहाव्याला केस उतरवलेले, डोक्यावर नुसती खुंटं. "चेहरा दिख रहा है, बस," ते म्हणाले. सरकारदरबारी आता मी तसाच राहणार.

मग जागेची तपासणी. जीएसटी ऑफिसचा माणूस केव्हा येणार ते कुणी सांगत नाही. तो नेमका मासिक श्राद्धाला उगवला. त्या दिवशी आमच्याकडे दुकान उघडत नाहीत. मी राम घाटावर पिंडांसमोर बसलेलो, फोन आईच्या पिशवीत. त्याने बंद शटरचा फोटो काढला आणि इथे कोणताही व्यवसाय चालत नाही असं लिहून टाकलं. अर्ज नामंजूर.

"किसी को दुकान पर बैठा देते, भाईसाहब," वकीलसाहेब म्हणाले. श्राद्धाच्या दिवशी शटर वर करायचं असतं हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. तोवर एका हॉटेलने चादरी दुसरीकडून घेतल्या होत्या.

पुन्हा अर्ज केला. पुढचं श्राद्ध आलं तेव्हा मी आईला म्हणालो, "मी दुकानातच बसतो."

"ज्यांनी दुकान दिलं, त्यांच्यासाठी दोन घंटे नाहीत तुझ्याकडे?"

ती एकटीच ऑटोने गेली आणि गुरुजींना शिधा देऊन आली. दिवसभर मी गल्ल्यावर बसून होतो. तपासणीला कुणी फिरकलं नाही. मला भयंकर राग आला, सगळ्यांचा आणि स्वतःचाही. तो माणूस नंतर एका आडवारी आला, चहा पिऊन गेला आणि नंबर मिळाला.

"अब पिताजी वाला रद्द करवा दो," वकीलसाहेब म्हणाले. दोन्ही चालू ठेवता येत नाहीत. ते काम मी घरीच करायला बसलो. कारणांच्या यादीत 'मालकाचा मृत्यू' होतं, ते निवडलं. ओटीपी गेला वडिलांच्या मोबाइलवर. तो आई अजून रोज चार्ज करते.

"अरे, यांच्या फोनवर काहीतरी आलंय," म्हणत ती हात पुसत स्वयंपाकघरातून आली. चष्मा लावून तिने एकेक आकडा मोठ्याने वाचला. मी टाइप करत गेलो.

"कुणाचा मेसेज होता?" तिने विचारलं.

"दुकानाचंच काम होतं."

"झालं का?"

"झालं."

तिने फोन पदराने पुसला आणि परत चार्जिंगला लावला.