इंजेक्शन इथं होतं

गेल्या उन्हाळ्यात आईच्या पायाची जखम चिघळली. तिला शुगरचा त्रास जुनाच. सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात तिला ठेवलं आणि मी बँकेतून रजा काढून सोबतीला थांबले. पंखा नुसताच आवाज करायचा, ड्रेसिंगला उशीर व्हायचा. वैतागून मी सिस्टरशी भांडले.

शेजारच्या खाटेवर जिल्ह्याच्या पार टोकाच्या वाडीतली एक तरुण बाई होती. गुडघ्याखाली पाय कापलेला. सोबतीला सासू. माझं भांडण ऐकून सासू म्हणाली, "ताई, लई चांगला दवाखाना हाय की ह्यो. आमची काय तक्रार न्हाय."

सिस्टरला घाबरून बोलत असेल, असं मला वाटलं. सुनेच्या पायाला काय झालं, ते विचारलं.

"जनावरास्नी कडवळ कापताना घोणस चावली. गावात नवाकोरा दवाखाना हाय, पर डॉक्टरच न्हाय. फुडच्या गावात डॉक्टर हुता, तर इंजेक्शन न्हवतं. हितं येईस्तवर पाय काळा पडला."

"मग राग नाही आला?"

"राग कुनावर? गेल्या साली भावकीतली पोरगी साप चावून वाटंतच गेली. ही वाचली की."

पायही गेला आणि तक्रारही नाही!

थोड्या वेळानं डॉक्टर आले. न राहवून मी विचारलं, "साप चावल्याचं इंजेक्शन इथं असतं?"

"असतं की. भरपूर आहे."

"मग यांच्या गावाकडं का नाही?"

"पाठवलं तरी देणार कोण? रिअ‍ॅक्शन आली तर सांभाळायला डॉक्टर लागतो. तिकडं आज असलेला उद्या टिकत नाही." एवढं सांगून ते पुढच्या खाटेकडे वळले.

सासू उठून उभी राहिली. "म्हंजी, हितं हुतं?"

मी मान डोलावली.

"मला वाटलं, कुटंच नसल," ती म्हणाली आणि परत खाली बसली. त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही. सून सारखी विचारायची, "आत्याबाई, काय झालं?" सासू नुसती तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

दोन दिवसांनी दवाखान्याचा एक माणूस वॉर्डात आला. सोयी कशा आहेत, समाधानी आहात का, असं खाटेखाटेला विचारत होता. सासू म्हणाली, "हितलं ब्येस हाय. आमच्या तिकडं इचारायला कवा येनार?"

"माझ्याकडं फक्त इथलंच काम आहे, आजी," तो म्हणाला. तो खरंच ओशाळला होता. मग त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "तुमची काही तक्रार?"

मला पंखा आठवला. पण "माझी काही तक्रार नाही," असं मी म्हणाले.