बेळगावचं उत्तर

कन्नड मुलखातल्या चामराजपेटेत आमच्या शेजारी एका शिंप्याचं बिऱ्हाड होतं. त्याची बायको माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या वयाची. अक्का शाळेत शिकवायची. संध्याकाळी मागच्या दारी दोघींच्या गप्पा चालत. ही मराठीतून बोले, ती कन्नडमधून, आणि कुणाचं काही अडत नसे.

त्या बाईचे दिवस भरले, कळा सुरू झाल्या, तेव्हा घरात पुरुषमाणूस नव्हतं. अक्काने जटका, म्हणजे घोडागाडी, थांबवला आणि तिला जवळच्या सरकारी प्रसूतिगृहात नेलं. दाराला कुलूप. सुईणीची बदली झाली होती आणि तिच्या जागी कित्येक महिने कुणी आलंच नव्हतं. मोठ्या इस्पितळाकडे निघाल्या, तर मार्केटपाशी जटका गाड्यांच्या गर्दीत अडकला. भर दुपारी, घोड्याच्या आणि सडक्या कोबीच्या वासात, अक्काच्या मांडीवर ती गेली. मूलही गेलं.

पुढे निवडणूक आली. आमच्या भागातून आधी निवडून आलेले गृहस्थ पुन्हा उभे होते. देवळापुढच्या पटांगणात त्यांची सभा भरली. वडिलांना, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, चांगलं भाषण ऐकण्याचं वेड. ते पुढच्या रांगेत बसले. अक्का आणि मी बायकांच्या बाजूला, जवळच शिंप्याची सासू, त्या गेलेल्या बाईची आई. भाषण संपल्यावर अक्का उठली आणि स्वच्छ कन्नडमध्ये म्हणाली, "आमच्या प्रसूतिगृहात सुईण नाही. एक बाई त्यापायी मेली. सुईण कधी येणार?"

ते हसले. "अम्मा, महाराजांच्या काळात प्रत्येक पेटेत सुईण होती का? तेव्हा कुणी विचारलं होतं?"

"तेव्हाचं राहू द्या. आता कधी येणार?"

"विरोधकांच्या भागात तर दवाखानाच नाही. तिकडे जाऊन विचारलंत?"

"मी तिकडे राहत नाही."

तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या कानाशी लागलं. त्यांनी मान डोलावली आणि माईक जवळ ओढला. "अच्छा, तुम्ही मराठी! तुमच्या लोकांना बेळगाव हवं, आणि वर आमच्याकडून सुईणही हवी?"

पटांगण हसून लोळलं. टाळ्या, शिट्ट्या. आमचं घराणं तीनशे वर्षं याच मातीत. अण्णांनी बेळगाव डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. आणि मेलेली बाई तर कन्नडच होती! पण हसणाऱ्याला एवढा विचार कोण करायला सांगतो? शेवटी ते प्रेमळपणे म्हणाले, "लग्न झालंय का तुमचं? नाही ना? मग बाळंतपणाची काळजी आतापासून कशाला?"

अक्का उभीच राहिली. "सुईण कधी येणार?" तिने परत विचारलं. पण तोवर गाणं लावलं होतं.

घरी आल्यावर मला वाटलं, आता अण्णा संतापतील. अण्णांनी टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "काही म्हणा, माणूस हजरजबाबी आहे. बेळगावचं उत्तर फक्कड दिलं."

"ते उत्तर नव्हतं," अक्का म्हणाली.

"अगं, तुझ्या आईच्या वेळी कुठे होती सुईण? घरातच झालात ना तुम्ही?"

आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "माझी दोन गेली," ती म्हणाली. "ती मोजणार की नाही?"

अण्णांनी पान लावायला घेतलं. पान लावायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर अक्का प्रसूतिगृहाच्या पायरीवर जाऊन बसली. मी बसले. आई आली, शिंप्याची म्हातारी सासू आली, मग गल्लीतल्या इतर बायका. रोज संध्याकाळी बसायचो. त्या गृहस्थांच्या प्रचाराची पोरं यायची. "स्वल्प विचार करा अक्का, तुम्हाला कुणी पैसे दिलेत?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "आमच्यावर टीका म्हणजे तुम्ही पलीकडच्यांच्या." पलीकडचे उमेदवारही एकदा मोटारीतून उतरले आणि आम्हालाच म्हणाले, "इतकी वर्षं सत्तेत असणाऱ्यांना विचारा, मला काय विचारता?" आम्ही त्यांना विचारलेलंही नव्हतं.

तेच गृहस्थ पुन्हा निवडून आले. सुईण आली ती निकालानंतर बऱ्याच दिवसांनी. कुलूप काढायला ते स्वतः आले, गळ्यात हार, आणि भाषणात म्हणाले की काही लोक नुसते प्रश्न विचारतात, आम्ही कामं करतो. पुन्हा टाळ्या पडल्या. आमच्या अण्णांच्याही.

गल्लीतले लोक अक्काला म्हणत, "आली ना सुईण? मग आता कशाला चिडायचं?" ती वह्या तपासत राही. मी मात्र भांडायची, अजूनही भांडते. बाई मेली, या वाक्याला बेळगाव हे उत्तर होऊ शकत नाही. महाराज होऊ शकत नाहीत, विरोधक होऊ शकत नाहीत, बहिणीचं लग्न तर नाहीच नाही. एवढं साधं कळायला शिक्षण लागत नाही. शिंप्याच्या सासूला ते कळत होतं. सभेत सगळे हसत होते तेव्हा ती एकटी हसली नव्हती. तिने शेजारणीला विचारलं होतं, "काय म्हणाला तो? कधी येणार म्हणाला?"