दोन ट्रॉल्यांचा रस्ता

जळोचीकडचं आपलं रान गुंठ्यागुंठ्यानं विकताना जोतीरामनं टेप धरला नव्हता. तीस वर्षं कारखान्याला ऊस ओढलेला माणूस. त्यानं दोन ट्रॉल्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, मध्ये थोडी फट ठेवली आणि दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्या. "हा रस्ता. माझा शब्द." एका बाजूला बारा घरं झाली आणि बारा घरांना तो रस्ता ऐसपैस पुरला.

आता दुसऱ्या बाजूला उरलेल्या त्याच्याच वीस गुंठ्यांवर अठ्ठेचाळीस फ्लॅटची इमारत यायची होती. एवढ्या बिऱ्हाडांना हा वीस फुटी रस्ता चालत नाही, तीस फुटी लागतो, असं नगररचनेच्या साहेबानं बजावलं होतं. अकराला तो पाहणीला येणार होता. आणि सकाळीच जोतीरामच्या पोरानं, यशराजनं, फक्कीची पांढरी रेघ ओढून ठेवली होती, ती समोरच्या घरांच्या ओट्यांवरून.

पहिला ओटा कौसल्याबाईंचा. म्हातारी रेघेवरच फतकल मारून बसली होती.

"तात्या, तुमच्या खुंटीला धरून वटा बांधला मी. आता खुंटी हालली, का तुमीच हालला?"

जोतीरामनं रेघेकडं पाहिलं.

"तिच्या तोंडाला लागू नका," यशराज हळूच म्हणाला. "आबा, रस्ता तुमी सोडलाय. हद्द तुमीच सांगायची. फकस्त नकाशावर सही करा."

पावणेअकरा झाले. जोतीराम ट्रॅक्टरवर चढला. एकेक करून दोन्ही ट्रॉल्या त्यानं आणल्या आणि पूर्वीसारख्याच शेजारी शेजारी लावल्या. रस्ता गच्च भरला.

"आता इमारत पेटली, तर बंब आण ह्यातनं."

"म्हणून तर वटे काढायचेत, आबा!"

"माणसं आपण वाढवतोय. वटे त्यांचं का काढायचे?"

त्यानं फक्कीची पाटी आणि सुतळी उचलली, आपल्याच रानात दहा फूट आत गेला आणि वाकून रेघ ओढू लागला.

यशराजचा चेहरा उतरला. "पुढची सगळी ओळ जाती, आबा. बारा फ्लॅट!"

"जाऊंदे. सही ह्या रेघंवर करतो."

रेघ वाकडी जात होती. कौसल्याबाई उठल्या, पदर खोचला आणि सुतळीचं दुसरं टोक धरून उभ्या राहिल्या. "सरळ वढा, तात्या. ट्रॅक्टर न्हाय हा."

तेवढ्यात कोपऱ्यावर साहेबाची जीप वळली आणि ट्रॉल्यांपाशी अडकून हॉर्न वाजवू लागली. जोतीरामनं मान वर केली नाही. अजून चार पावलं रेघ बाकी होती.