दगडावर पाणी सोडायचं नाही!

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. एका मजल्यावर तीस वर्षं तीच माणसं दारासमोर दार करून राहिली आणि त्यातला एक माझ्यासारखा वात्रट निघाला, की ते माळ्यावरच्या भांड्यांसारखे आपसूक साठतात! आमच्या वर्तकनगरातले हे काही, सगळे एकाच कुंडीतले.

माझी मुलगी सुजाता नर्स. दीड वर्षासाठी मस्कतला निघाली तेव्हा तिने माझ्या हातात चहाच्या कपाएवढी कुंडी दिली. आत बारीक खडे, आणि मधोमध एक फुगीर खडा, वरून चीर गेलेला.

"पप्पा, मधला तो दगड नाही, झाड आहे. लिथॉप्स. पाणी महिन्यातून चमचाभर, पावसाळ्यात तेही नाही."

मी हसलो. म्हटलं, पोरगी बापावर गेली!

ती हसली नाही. "जन्मभर सगळ्यांची थट्टा केलीत. ही एक गोष्ट थट्टा न करता सांभाळा. मी येईन तेव्हा जिवंत दिसलं पाहिजे."

तिथेच ठरवलं. हा दगड मरू द्यायचा नाही!

*

पण माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? समोरचे नाखवा, मूळचे खाडीकाठच्या कोळीवाड्यातले, मासळी विकणारे. त्यांना म्हटलं, "हे झाड आहे."

"हां. आन् मी आंब्याचं कलम हाय!"

"शपथ!"

"गायकवाड, होळीला तू मना साबनाची बर्फी चारलीस. दोन दिस तोंड उघरला का फेस! तुझी शपथ नको."

*

आमच्याकडे कामाला येणाऱ्या विमलताईंनी एकदा कुंडी रिकामी करून सगळे खडे चाळणीत धुवायला घेतले. मी आंघोळीला. बाहेरून हाक आली, "काका, एक खडा नासलाय! दाबला की मऊ लागतोय. फेकू?"

डोक्याला शाम्पू तसाच घेऊन धावलो. टॉवेल होता म्हणून अब्रू राहिली!

*

पावसात ग्रिलमधून तिरकी झड यायची. मी आपली छत्री उघडून कुंडीवर बांधून टाकली.

बायको कमरेवर हात ठेवून बघत होती. "लग्नाला अडतीस वर्षं झाली. माझ्या डोक्यावर कधी धरलीत?"

"अगं, तू भिजलीस तर सडत नाहीस!"

पुढचे तीन दिवस माझ्या ताटात नुसतं पिठलं.

*

थंडी सरता सरता खडा सुरकुतला, चीर फाकली. मी घाबरून मस्कतला फोन लावला. सुजाता म्हणाली, "आतून पानांची नवी जोडी येतेय. जुनी पानं तिला आपलं पाणी देऊन वाळून जातात. आता थेंबसुद्धा नको, नाहीतर कुजेल."

नाखवांनी वाकून बघितलं, मान हलवली. "मेला यो. पानी सोड आता त्याच्यावर."

कल्याणहून माझी थोरली मेव्हणी आलेली, आक्का. सांगितलं ते काम लगेच करणारी बाई. स्वयंपाकघरातून तांब्या भरून आणला आणि भडाभडा ओतला!

"अहो आक्का!"

"हे नाखवा म्हणाले ना, पाणी सोड म्हणून!"

झाड उपटलं, मुळं फडक्याने टिपली, कोरड्या वाळूत लावलं आणि आठ दिवस टेबलफॅनचं तोंड तिकडे. आक्का पुठ्ठ्याने वारा घेत बसायच्या. "पाहुणीला पुठ्ठा आणि दगडाला फॅन! चांगलं घर आहे!"

नवव्या दिवशी चिरेतून नवी जोडी डोकावली. टणक! आक्कांना मीच पेढा भरवला. त्यांनी आधी वास घेऊन बघितला.

*

आता शेवटचा. दिवाळी झाली, सुजाता यायला चार दिवस राहिले, आणि सकाळी बघतो तर चिरेतून पिवळंधमक फूल, दगडापेक्षा मोठं! लगेच फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "पप्पा, गोंद कुठला वापरलात?"

नाखवा चष्मा लावून आले. "बघू दे चिकटवलंय का." म्हणेपर्यंत चिमटीत धरून ओढलंसुद्धा. फूल हातात!

"आयला... खरा व्हता रं!"

मी ते चिरेत परत खोचून बघितलं. राहीना!

"घाबरू नको," नाखवा म्हणाले. "पोरीला मी सांगतो." आता नाखवा म्हणजे मासळी शिळी असेल तर गिऱ्हाइकाला आधी सांगणारा माणूस. मला धीर आला.

सुजाता आली. बॅग दारातच टाकून कुंडी उचलली, एका बोटाने दाबून बघितलं. "जिवंत आहे पप्पा!" डोळे भरले पोरीचे. माझेही. कुणाला सांगू नका.

मग इस्त्रीचा शर्ट घालून आलेले नाखवा पुढे झाले. रुमाल उघडला. आत ते फूल, चार दिवसांत सुकलेलं.

"पोरी, आयशप्पथ, याला फूल आयलं व्हतं. मीच तोरलं."

सुजाताने फुलाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग माझ्याकडे.

"ही तर शेवंती! नाखवाकाका, तुम्हीपण सामील?"