पेढ्याच्या पिंजऱ्यातला भुसा

नवऱ्याला हे ठाऊक नाही. सईला, माझ्या मुलीला, तर नाहीच. आईला सांगावं असं एकदा वाटलं होतं, पण फोन लावला आणि पावसापाण्याचं बोलून ठेवून दिला. तुम्हाला सांगते — तुम्ही आमच्या कोळीवाड्यातले नाही, म्हणून जमतंय बहुतेक.

माझा स्वभाव मुळातच संशयी. आमटीत मीठ जास्त पडलं तरी मला वाटतं, कुणीतरी मुद्दाम टाकलं. लग्न होऊन आले ते एकत्र घरात. दोघा भावांची मिळून एक बोट, आणि स्वयंपाकघरात मी आणि माझी मोठी जाऊ, शैलावहिनी. तिला मूल नाही. सई तिला मोठी आई म्हणायची, शाळेतून आली की आधी तिच्याकडे धावायची. मला ते बोचायचं — हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलंच आहे तर राहू दे.

सईच्या दहाव्या वाढदिवसाला माझ्या भावाने मुंबईहून हॅमस्टर आणला. रंग पेढ्यासारखा, म्हणून नाव पेढा. वहिनी हसून म्हणाली, "आमी उंदरांच्या मागं झाडू घेऊन पळतो, न तुमी त्याला दाणे घालता व्हय?" सगळे हसले. मीही हसले, पण ते बोलणं मनात ठेवलं.

जुलैत पेढा आजारी पडला. डोळे चिकटलेले, श्वासाला बारीक शिट्टी, अंगाचा गोळा करून कोपऱ्यात बसलेला. सई शाळेला जाईना. आम्ही ड्रॉपरने थेंब थेंब पाणी पाजलं, कापूस ओला करून डोळे पुसले, पिंजऱ्याजवळ बल्ब लावून ऊब दिली. मुठीत मावणारा जीव, पण घरात दुसरा विषय नव्हता.

आणि मी? मी एकीकडे त्याला पाणी पाजत होते, दुसरीकडे वहिनीवर डोळा ठेवून होते. सुक्या मासळीच्या खोलीत उंदरांचं औषध तीच ठेवते ना? परवा दुपारी पिंजऱ्यापाशी वाकून काय करत होती? मला बघून हात पदराखाली का नेला? दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात भोपळ्याच्या बिया सापडल्या, नीट सोललेल्या. मी त्या कागदात बांधून उकिरड्यावर टाकल्या आणि सईला जवळ घेऊन म्हटलं — मोठ्या आईला पेढ्याला काही घालू देऊ नकोस. का, ते सांगितलं नाही. दहा वर्षांच्या मुलीला ते सांगावं लागतं का?

संध्याकाळी सईने तिला तोंडावर विचारलंच. वहिनी उत्तर सईला देत होती, पण बघत माझ्याकडे होती. "मी न्हाय गं काय वाईट घातलं त्याला. नुसत्या बिया होत्या." मी भांडी घासत राहिले.

आमच्याकडचे गुरांचे डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा जीवाचं मला कळत नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी पनवेलला गेलो. मी, सई, आणि नको म्हटलं तरी आलेली वहिनी. रस्त्याचे धक्के बसू नयेत म्हणून पिंजरा तिने मांडीवर धरला होता. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरात रंगकाम चालू आहे का? कसली फवारणी? मी नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, खाली काय अंथरता?

आणि तिथे मला कळलं. सगळंच.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी खाडीकाठी ओढून ठेवतात. सुतार फळ्या बदलतात, तळाचा जुना लाल रंग खरवडतात. तो रंग विषारी — कालवं चिकटू नयेत म्हणून लावलेला. खरवड चालू असताना पोरांना तिकडे फिरकू देत नाहीत. कोळ्याच्या घरात हे शेंबड्या पोरालाही माहीत. मलाही होतं. पण दुकानातलं भुशाचं पाकीट संपलं होतं, अलिबागला जायचा कंटाळा आला होता, आणि आमच्याच बोटीखाली लाकडाचा भुसा ढीगभर पडला होता. मी पिशवी भरून आणला आणि दुकानाच्या रिकाम्या पाकिटात भरून ठेवला, सईने कटकट करू नये म्हणून. त्यात लाल कण दिसले होते का? — दिसले होते.

"दुकानातला भुसा," मी डॉक्टरांना म्हटलं. "पाकिटातला."

मग अंथरूण ठीक आहे, ते म्हणाले, कुणी काही भलतंसलतं खायला घातलं असेल का? मी फक्त वहिनीकडे बघितलं. माझं बघून सईनेही बघितलं.

घरी आल्या आल्या भुसा बदलता आला असता. पण सई पिंजऱ्यापासून हलेना, आणि बदलला तर विचारणार — का बदलला? उद्या ती अंघोळीला गेली की बदलू, असं मी ठरवलं. तोवर पेढा त्याच भुशात नाक खुपसून पडला होता, आणि मी त्याला तिथेच डॉक्टरांनी दिलेलं औषध पाजत होते. सकाळी सई अंघोळीला गेली, मी पिंजरा उघडला. पेढा थंड पडला होता.

भुसा मी खाडीत ओतला. सई रडत वहिनीच्या अंगावर धावून गेली, तूच मारलंस म्हणाली. मी तिला मागून धरलं, समजूत काढली — असं बोलू नये बाळा. तू चुकते आहेस, असं मात्र म्हटलं नाही.

वर्षभरात आमच्या दोन चुली झाल्या. सई आता पंधरा वर्षांची आहे, आणि मोठ्या आईला काकी म्हणते. वहिनीने मला कधीच काही विचारलं नाही. मला अजून संशय येतो — तिला कळलंय का? पण कधी कधी वाटतं, तिला काहीच कळलेलं नाही. तिला खरंच वाटतं, तिच्या बोटांना औषध लागलं असेल आणि त्या बियांनीच पेढा गेला. हे जास्त वाईट, हे मला समजतं.

गेल्या नारळी पौर्णिमेला ती नारळीभात घेऊन आली. सईसमोर डबा उघडला आणि आधी स्वतः एक घास खाल्ला. गिळला. मग डबा पुढे सरकवला. कुणाच्याही मुलाला काही द्यायचं तर ती आता असंच देते.

सईने माझ्याकडे बघितलं. मी चमचे आणायला आत गेले.