उन्हाची नोंद झालीच पाहिजे!

रहिमतपूरला एकदा ज्ञानकोशात जावं असं ऊन पडलं होतं. हे मी आजही ठणकावून सांगतो, आणि आमच्या घरात मी सोडून कुणीही ते मान्य करत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीला भूगोलाचा मास्तर. मुलगी बघायला भर वैशाखात, टळटळीत दुपारी, रहिमतपुरात एस.टी.तून उतरलो. रस्त्यावरचं डांबर पातळ झालं होतं. नव्या कोऱ्या चपला त्यात रुतल्या त्या रुतल्याच. (अजून असतील तिथंच!) मग मी मुलीच्या घरापर्यंत अनवाणी उड्या मारत गेलो. अंगणात पाण्यानं भरलेलं मोठं पातेलं दिसलं. मागचापुढचा विचार न करता दोन्ही पाय आत घातले. अहाहा!

"आवं पाव्हणं, कुरडयांचा गहू हाय त्यो!" मुलीची आई किंचाळली. "तीन दिस झालं भिजत घातलाय!"

गहू म्हशीला गेला, मुलगी मला मिळाली. नाही म्हणायला तोंड उघडलं की हसू फुटायचं, म्हणून हो म्हटलं, असं आमची शालन सांगते.

इथवर ठीक होतं. पण मग प्रत्येक बारशाला, प्रत्येक लग्नाला सासरची माणसं ती गोष्ट सांगू लागली. गोष्टीत गहू असे, पातेलं असे, माझे पाय तर असतच. ऊन तेवढं कुणी सांगत नसे! आणि या गोष्टीतून ऊन काढलं की उरतो तो निव्वळ खुळा जावई. मला ते फार लागत असे.

अशात कळलं की सासरच्या जिल्ह्याचा ज्ञानकोश निघतोय. मी ताबडतोब 'रहिमतपूरची उष्णतेची लाट' अशी नोंद लिहून पाठवली. एकदा छापून आलं की कोण बोलतंय बघू! मे महिन्यात आम्ही सासुरवाडीला असताना संपादक स्वतः तिथं आले.

"मास्तर, ऊन दरसाल पडतं," ते म्हणाले. "नोंद घ्यायची तर ते लोकांच्या ध्यानात राहिलेलं पाहिजे. विचारू या."

आधी माझे सासरे, म्हणजे मामा. फौजेतले निवृत्त सुभेदार. "ऊन? राजस्थानात आमी ट्रकच्या बॉनेटवर चपात्या भाजल्यात. हितलं ऊन म्हंजी सावलीच की!"

मग शेजारचे सायकलवाले रसूलभाई. "ऊन काय याद न्हाई सायेब. पर मास्तरांच्या उड्या लय याद हायत!"

मग सासूबाई. "त्या साली आमच्या कुरडया झाल्याच न्हाईत."

संपादकांनी लगबगीनं पेन उघडलं. "उन्हामुळं?"

"न्हाई वं. जावईबापूंच्या पायामुळं!"

मी केविलवाणा होऊन शालनकडं वळलो. "तू तरी खरं सांग!"

"आवं, त्या दिशी जरा ढगाळच व्हतं की," तोंडाला पदर लावून ती म्हणाली.

आता मात्र माझं डोकं फिरलं. "साहेब, आजचं ऊन साधं आहे ना? या साध्या उन्हात मी अनवाणी शांतपणे चालून दाखवतो. म्हणजे त्या दिवशीचं ऊन निराळंच होतं, हे आपोआप सिद्ध होईल!" (भूगोलाच्या मास्तराचं तर्कशास्त्र!)

गल्ली गोळा झाली. मी बूट काढले आणि ताठ मानेनं निघालो. रसूलभाईंच्या दुकानापर्यंत मी आभाळाकडं बघून हसतसुद्धा होतो. परत फिरलो तेव्हा हसू गेलं होतं. मग चाल वाढली. मग मान गेली. शेवटी मला माणसं दिसेनाशी झाली, नुसतं अंगण दिसत होतं.

"शालन, पातेलं उचल गं!" सासूबाई ओरडल्या.

उशीर झाला होता. वैशाखात त्या अंगणात दुसरं काय असणार!

गव्हात उभ्या असलेल्या माझ्याकडं बघून संपादकांनी पुन्हा पेन उघडलं. मग म्हणाले, "लाटेची नाही मास्तर, पण नोंद होईल."

आणि झाली! कोश आला. उन्हाचा कुठं पत्ता नाही. मात्र 'कुरडई' या शब्दाखाली छापलं होतं: 'गहू तीन दिवस भिजत घालतात. रहिमतपूर भागात हे पातेलं जावयापासून लांब ठेवण्याची पद्धत आहे.'

"पद्धत कसली?" मी कडाडलो. "दोनदाच तर झालंय!"

"एकदा झालं तर चूक म्हणत्यात," शालन म्हणाली. "दोनदा झालं की पद्धतच झाली न्हवं?"

म्हणू दे. मी हार मानलेली नाही. ऊन होतं, भयंकर होतं, असं मी दर वैशाखात सासरच्या अंगणात उभा राहून सगळ्यांना सुनावतो. फक्त आता पायात बूट असतात, आणि पातेलं माडीवर.