हिमनदीला चुना

"वरचं ऱ्हाऊ द्या, आत काय हाय ते सांगा."

आमच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या मॅडम हे वर्गात म्हणत, तसंच पाथरीच्या स्टँडवर भज्यांच्या गाड्यापाशीही म्हणत. भजं आधी मोडून बघायचं, मग तोंडात टाकायचं. टरबूज तर कापून दाखवल्याशिवाय त्या हातात घेत नसत. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढे थापा चालत नाहीत.

मॅडम चुडाव्याच्या. तासिकेवर होत्या, म्हणजे वर्षापुरत्या. जूनमध्ये पुन्हा बोलावलं तर बोलावलं. मी मराठी शिकवायचो, कायम नोकरीत. पीएच.डी.साठी त्यांनी हिमालयात जाऊन दगडांच्या हिमनद्यांवर काम केलं होतं, त्याही अशा की ज्यांच्यातला बर्फ कधीच संपलाय. स्टाफरूममध्ये आम्ही चिडवायचो, "मॅडम, आपल्याकडे बर्फ फक्त रसवंतीवर." त्या हसत नसत. "त्या हिमनद्यांतबी न्हाई ऱ्हायला आता. तेच तर शिकवायले ना मी!"

कड्यावरून कोसळलेल्या दगडांत बर्फ अडकतो. त्या बर्फाच्या जोरावर अख्खा ढीग उतारावरून वर्षानुवर्षं सरकत राहतो, त्याला सुरकुत्या पडतात. पुढे हवा तापते, बर्फ वितळतो, ढीग जागच्या जागी थांबतो. आतला बर्फ गेला की वरचे दगड खचतात आणि खळगे पडतात. वर मोठे धोंडे, खाली बारीक वाळू-माती. त्या खालच्या थरात पाणी धरून राहतं आणि पायथ्याशी हळूहळू झिरपतं. हे माझ्यासारख्या मराठीच्या माणसाला कळलं, यावरून त्या कशा शिकवत असतील ते ओळखा.

पण चित्र काढा म्हटलं की पोरं ढिगाची बाहेरची रेघ ओढून मोकळी. मॅडम भडकायच्या. "हे दार झालं. घर कुठाय?" शेवटी एप्रिलात त्यांनी कॉलेजमागच्या उतारावर हिमनदीच रचायला घेतली. खाली वाळू-माती, वर काळे धोंडे, मधे बर्फाच्या कारखान्यातून पोत्यात गुंडाळून आणलेल्या लाद्या. पोरं, मॅडम, मी, सगळ्यांचे हात गारठलेले आणि डोकी उन्हानं तापलेली. थोड्याच दिवसांत बर्फ गेला, ढीग जरा घसरला, वर खळगे पडले. मॅडम एका खळग्याच्या काठावर चक्क मांडी घालून बसल्या. "सोमवारी आडवा कापू. आतलं सगळं दिसंल पोरांना." इतक्या खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी जाऊन बघतो तर खळगे गायब. तपासणी समिती येणार म्हणून प्राचार्यांनी कॉलेजभर गेरू-चुना चालवला होता. खळग्यांत मुरूम, मुरमावर सिमेंटचे ब्लॉक, आणि काठाला उरलेल्या धोंड्यांना एकाआड एक तांबडे-पांढरे हात. शिपाईमामा ब्रश घेऊन उभे होते. "खड्डे लय झाले हुते, मॅडम. साहेब म्हणले बुजवा, आमी बुजवले. चांगलं दिसायलंय ना?"

ते रंगवलेले धोंडे आठवले की आजही माझं डोकं फिरतं. आपल्याकडे साहेब येणार म्हटलं की झाडाच्या खोडालाही चुना लागतो. शिकवणं दिसलं नाही तरी चालतं, खड्डा तेवढा दिसता कामा नये.

मॅडम तिथूनच वळल्या. तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या, मी त्यांच्या मागोमाग.

"सर, ते खड्डे नव्हते. तोच धडा होता. ब्लॉक काढायची परवानगी द्या."

"अहो मॅडम, समितीला दगडांचा ढीग दाखवायचा का? बघा, किती छान झालंय."

"वरून झालंय छान! आत काय हाय ते एकानं तरी इचारलं का?"

आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. प्राचार्य शांतपणे म्हणाले, "जूनचा विचार करून बोला." मीही टेबलावर हात आपटून भांडलो. पण माझं काय जाणार होतं? मी कायम होतो.

समितीनं परिसराचं कौतुक केलं. पेढे वाटले, मी घेतला नाही. जूनमध्ये मॅडमना बोलावणं गेलं नाही. त्यांचे तास आता असेच कुणाकुणात वाटून टाकलेत.

पावसाळ्यात मुरूम धोंड्यांच्या फटींतून खाली उतरला आणि ब्लॉक खचले. जिथं जिथं लाद्या ठेवल्या होत्या, तिथंच खचले. प्राचार्यांनी ठेकेदाराला झापलं. पुन्हा मुरूम आला, पुन्हा खचला. मला त्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

आता पाऊस थांबून बरेच दिवस झालेत. मागचं सगळं मैदान वाळलंय. फक्त उताराच्या पायथ्याशी, चुना मारलेल्या शेवटच्या धोंड्याखालून अजून पाणी झिरपतं आणि तेवढ्याच जागी गवत हिरवं आहे. परवा तिथं उभ्या असलेल्या, यंदाच नव्यानं आलेल्या भूगोलाच्या पोरांना मी विचारलं, "हे पाणी कुठून येतंय रे?"

पोरांनी ब्लॉककडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं.

"पाइप फुटला आसंल, सर."